दावणीपासून सुटलेली गुरे : ॲमस्टरडॅम बेटावरील कळपाचा अभ्यास

गाय-बैल हे हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढलेले प्राणी होत. गोठा, वैरण, पाणी आणि राखण या चारही गोष्टी माणसाकडून मिळण्याची त्यांना सवय असल्यामुळे, रानात सोडून दिल्यास ती फार दिवस तगणार नाहीत, अशी समजूत अनेकांची असते. भाकड गाय किंवा कामास न येणारा खोंड गावापासून दूर नेऊन सोडणाऱ्याच्या मनातही बहुधा हाच विचार असतो : पुढचे काय ते त्या जनावराचे नशीब पाहून घेईल, आपल्यापुरता प्रश्न मिटला. प्रत्यक्षात जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी मालकाने सोडलेली गुरे जगली, व्याली आणि त्यांचे मोठे कळप झाले. त्यांपैकी हिंदी महासागरातील ॲमस्टरडॅम बेटावरील कळपाचा आरंभ, वाढ आणि शेवट या तिन्हींची नोंद उपलब्ध आहे. गुरे सोडून दिली म्हणजे प्रश्न संपतो की केवळ दुसऱ्याच्या दारी जातो, हे त्या नोंदीवरून चांगले समजते.

प्रथम शब्दांचा अर्थ

बोलताना 'रानटी गुरे' हा एकच शब्द सरसकट वापरला जातो. अभ्यासासाठी मात्र त्यात तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार म्हणजे मूळचे वन्य प्राणी. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा गवा हा या प्रकारात मोडतो. गोव्याने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. गवा म्हणजे रानात पळालेल्या गाईचा वंशज नव्हे. ती स्वतंत्र जात आहे. आपल्या गोठ्यातील गुरांचा मूळ वन्य पूर्वज ऑरॉक्स हा होता. तो आता पृथ्वीवर उरलेला नाही. त्याची शेवटची ज्ञात गाय १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली.

दुसरा प्रकार मोकाट गुरांचा. ही रस्त्यावर, बाजारात, शेताच्या कडेला दिसतात. त्यांना दावे नसले तरी त्यांचे पोट माणसाच्या वस्तीवरच चालते. कोणाचे उभे पीक, कोणाचा उकिरडा, कोणी टाकलेली शिळी भाकरी यांवर ती जगतात. काहींना मालक असतो, पण तो केवळ धारेपुरता.

तिसरा प्रकार रानवट गुरांचा. यांचे पूर्वज पाळीव होते. परंतु पुढच्या पिढ्या माणसाच्या कोणत्याही मदतीवाचून जन्मल्या, वाढल्या आणि मेल्या. ॲमस्टरडॅम बेटावरील गुरे ही या प्रकारची होती.

बेट आणि पाच गुरे

नकाशावर कन्याकुमारीच्या टोकापासून सरळ दक्षिणेस रेघ ओढली, तर सुमारे पाच हजार किलोमीटरवर ती या बेटाला जाऊन भिडते. युरोपातील शहराशी या बेटाचा थेट संबंध नाही. १६३३ मध्ये एका डच जहाजाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. बेट ज्वालामुखीचे असून त्याचे क्षेत्रफळ अवघे ५५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सर्वांत उंच ठिकाण ८८१ मीटर. हवा थंड व वादळी, वर्षाचे सरासरी तपमान सुमारे १४ अंश सेल्सिअस, पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास. बारमाही वाहणारा ओढा मात्र बेटावर नाही. बेट फ्रान्सच्या ताब्यात असून तेथे कायमची वस्ती कधी झाली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हवामान व संशोधन केंद्राचे थोडे कर्मचारी पाळीपाळीने तेथे राहात आले आहेत.

१८७१ च्या जानेवारीत रेयुनियाँ बेटावरील हर्तँ नावाचा एक फ्रेंच रहिवासी आपली माणसे आणि काही गुरे घेऊन येथे उतरला. शेती करावी, गुरे वाढवावीत आणि कायमचे राहावे असा त्याचा बेत होता. परंतु वारा, थंडी आणि एकाकीपणा यांपुढे पीक उभे राहिले नाही. सात महिन्यांतच मंडळी परत गेली. गुरे बरोबर नेली नाहीत. मागे राहिलेल्या गुरांची संख्या पाच होती, असे सांगितले जाते.

गुरे तगली कशी?

१९८८ मध्ये या बेटावर सुमारे दोन हजार गुरे होती. पाचाचे दोन हजार होणे हा चमत्कार नव्हे. पाच, दहा, वीस, चाळीस असे दुप्पट करीत गेल्यास नवव्या वेळी संख्या अडीच हजारांच्या पुढे जाते. गाईसारख्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यालाही एका शतकात नऊ वेळा दुप्पट होण्यास भरपूर अवधी मिळतो. अर्थात ही वाढ दरवर्षी सारख्या गतीने होत नसते. वाईट हिवाळा किंवा चाऱ्याची टंचाई आली की संख्या घसरते आणि मग पुन्हा चढते.

या वाढीला परिस्थितीही अनुकूल होती. बेटावर वाघ, बिबट्या, लांडगा असा एकही शिकारी प्राणी नव्हता. बर्फाने दीर्घकाळ झाकले जाणारे कुरण नव्हते; गवत वर्षभर मिळे. वाहते पाणी नसले तरी पावसाची डबकी आणि ओली वनस्पती यांवर गुरांची तहान भागत असे.

माणूस दूर झाल्यावर गुरांची वागणूक बदलली. गाई आणि त्यांची वासरे एकत्र, तर प्रौढ वळू विणीच्या हंगामाबाहेर बहुधा त्यांच्यापासून वेगळे, अशी कळपाची रचना दिसून आली. गोठ्यात ही रचना दिसत नाही, कारण तेथे कोणते जनावर कोणाशेजारी बांधावे हे माणूस ठरवतो. व्यायच्या वेळी गाय आडोसा शोधते आणि वासराला झाकून ठेवते, हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. पाळीव गाईत उरलेल्या अशा मूळ प्रवृत्ती रानवट जीवनात पुन्हा कामास येतात.

आकार आणि वंश : एका समजुतीची तपासणी

या गुरांची चण लहान होती. प्रौढ वळूचे वजन सरासरी सुमारे ३९० किलो आणि गाईचे २९० किलोच्या आसपास भरे. बेटावर कोंडलेले मोठे प्राणी पिढ्यांमागून पिढ्या लहान होत जातात, असे प्राणिशास्त्रात अनेकदा आढळले आहे. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा निष्कर्ष काढण्यात आला, की शंभरसव्वाशे वर्षांच्या अल्प काळात ही गुरे मूळ आकाराच्या तीन-चतुर्थांश इतकी झाली.

२०२४ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन संशोधकांनी या गुरांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध केली. १९९२ आणि २००६ मध्ये घेऊन ठेवलेले नमुने त्यासाठी वापरले गेले. त्यातून असे निघाले, की कळपाचा सुमारे तीन-चतुर्थांश वारसा जर्सीशी जवळचे नाते असलेल्या युरोपीय गुरांचा आणि सुमारे एक-चतुर्थांश वारसा हिंदी महासागरातील बेटांवरच्या वशिंडाच्या गुरांचा होता. जर्सी जात मुळातच लहान चणीची आहे. तेव्हा बेटाने गुरे खुजी केली असे मानण्याचे कारण उरत नाही. उतरवली तीच लहान चणीची होती. थंड व दमट हवा त्यांच्या युरोपीय पूर्वजांच्या सवयीचीच असल्यामुळे तेथे टिकण्यास त्यांना विशेष प्रयास पडले नसावेत, असेही या संशोधकांना आढळले.

या निष्कर्षात भारतीय वाचकांना आस्था वाटावी असा एक धागा आहे. वशिंडाची गुरे प्रथम सिंधूच्या खोऱ्यालगतच्या प्रदेशात माणसाळली गेली आणि तेथून कालांतराने आफ्रिका व मादागास्करपर्यंत पोहोचली. या दूरच्या बेटावरील गुरांच्या अंगी, थोड्या प्रमाणात का होईना, आपल्या खिल्लार-देवणीच्या दूरच्या भाऊबंदांचे रक्त होते.

आणखी एक गोष्ट या तपासणीत दिसली. ज्या जनुकांमध्ये निवडीच्या खुणा आढळल्या, त्यांतील बहुसंख्य मज्जासंस्थेशी संबंधित होती. म्हणजे माणूस दूर झाल्यावर बदल झाला तो प्रामुख्याने स्वभावात आणि परस्परांशी वागण्याच्या रीतीत झाला असावा. ही गुरे माघारी ऑरॉक्स झाली नाहीत. माणसाविना जगणारी गाय झाली.

बेटाला पडलेली किंमत

गुरांच्या दृष्टीने पाहिल्यास ही कथा यशाची आहे. बेटाच्या दृष्टीने ती तशी नाही. बेटाच्या सखल भागात फायलिका नावाच्या झाडाचे वन होते. चरणाऱ्या मोठ्या प्राण्याशी या वनाचा पूर्वी कधी संबंध आला नव्हता. गुरांनी कोवळी रोपे खाल्ली, खुरांनी जमीन तुडवली, त्यामुळे जुनी झाडे पडली तरी नवी उगवेनात. सर्व दोष गुरांचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. १७९२ मध्ये जवळून जाणाऱ्या फ्रेंच जहाजांनी बेट पेटलेले पाहिले होते. सील मारण्यासाठी येणाऱ्या खलाशांनी झाडे तोडली. जहाजांबरोबर उंदीर व मांजरेही आली. परंतु जळालेले वन पुन्हा उगवू शकते; उगवणारे प्रत्येक रोप खाणारा कळप कायमचा उभा असेल, तर ते उगवत नाही. अखेरीस या वनाचे केवळ काही हेक्टरांचे तुकडे शिल्लक राहिले.

बेटाच्या उंच, ओलसर पठारावर एक मोठा समुद्रपक्षी घरटी करतो. ॲमस्टरडॅम अल्बाट्रॉस ही स्वतंत्र जात असल्याचे १९८३ मध्ये जाहीर झाले. जगात अन्यत्र कोठेही तो वीण घालीत नाही. त्या सुमारास वर्षाला वीण घालणाऱ्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. हा पक्षी एका वेळी एकच अंडे घालतो आणि यशस्वी विणीनंतर पुढचे वर्ष वगळतो. अशा पक्ष्याचे पठार गुरांच्या खुराखाली जाणे ही साधी बाब नव्हती.

कुंपण, आणि शेवट

१९८७ मध्ये बेटावर आडवे कुंपण घालण्यात आले. त्याच्या दक्षिणेकडील सुमारे एक हजार गुरे १९८८ पासून मारण्यात आली आणि उरलेला कळप उत्तरेस ठेवण्यात आला. त्याच वेळी फायलिकाची रोपे वाढवून लावण्याचे काम सुरू झाले. हा मध्यममार्ग जवळपास वीस वर्षे चालला. २००६ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्र झाला आणि त्यानंतर संपूर्ण कळप हटविण्याचा निर्णय झाला. २०१० मध्ये बेटावरचे शेवटचे जनावर संपले. २०१९ मध्ये युनेस्कोने या बेटासह फ्रान्सच्या त्या दक्षिणी प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तरीही बेट पूर्ववत झाले असे नाही. गुरे गेली तरी वन परतण्यास अनेक दशके लागतात. जानेवारी २०२५ मध्ये बेटावर मोठी आग लागून निम्म्याहून अधिक भाग जळाला आणि केंद्रातील सर्व माणसांना जहाजाने हलवावे लागले. एकदा मोडलेली घडी पुन्हा बसवणे किती कठीण असते, हे यावरून लक्षात येते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १३९ वर्षे माणसाशिवाय जगलेला, जगात दुसरीकडे नसलेला कळप नाहीसा झाला. त्याच्या वंशाची खरी हकीकत कळप संपल्यावर चौदा वर्षांनी, साठवलेल्या नमुन्यांवरून कळली. अशा कळपाला स्वतःचे काही मोल होते काय, हा प्रश्न त्या संशोधकांनीही उपस्थित केला आहे. त्याचे सोपे उत्तर नाही. वन वाचवावे तर गुरे मारावी लागतात आणि गुरे राखावीत तर वन जाते. हा पेच गुरांनी निर्माण केला नव्हता आणि पक्ष्यांनीही नाही. १८७१ मध्ये गुरे मागे ठेवून निघालेल्या माणसांनी तो पुढच्या पिढ्यांवर टाकला.

इतर ठिकाणचे अनुभव

याच पेचाला इतर देशांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. इंग्लंडच्या उत्तर भागात चिलिंगहॅम येथे पांढऱ्या गुरांचा एक कळप कित्येक शतके एका मोठ्या उद्यानात राहतो. त्यांना कोणी हात लावीत नाही, औषध देत नाही, वळू निवडून देत नाही. १९४७ च्या कडक हिवाळ्यात त्यांतील केवळ १३ जनावरे उरली. पुढे कळप सावरला आणि शंभरावर गेला. परंतु येथे कुंपण आहे, हिवाळ्यात गवत टाकले जाते आणि कळपाची जबाबदारी घेणारी संस्था आहे. ही गुरे रानवट आहेत, बेवारस नाहीत.

न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील एंडरबी बेटावर १८९४ मध्ये गुरे नेण्यात आली होती. तेथील वनस्पती वाचविण्यासाठी १९९० नंतरच्या काही वर्षांत तो कळप हटविण्यात आला. शेवटी उरलेली एक गाय मुख्य भूमीवर आणली गेली आणि १९९८ मध्ये तिच्या पेशीपासून तिचीच प्रतिकृती असलेली कालवड जन्मास घालावी लागली. वेळीच काही जनावरे बाजूला काढून ठेवली असती, तर एवढ्या खटाटोपाची गरज पडली नसती.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव रोगराईचा आहे. गुरांतील ब्रुसेलोसिस व क्षय यांच्या निर्मूलनाची मोहीम तेथे १९७० मध्ये सुरू झाली. गोठ्यातील व कुरणातील गुरे तपासणे शक्य होते. परंतु उत्तरेकडील विस्तीर्ण रानात फिरणारी गुरे तपासणीस सापडत नव्हती, आणि त्यांच्यात रोग शिल्लक असेपर्यंत पाळीव गुरेही सुरक्षित नव्हती. हेलिकॉप्टरने कळप हाकून आणावे लागले. जे हाती लागेनात ते मारावे लागले. १९९७ मध्ये देश गुरांच्या क्षयापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

कोंडवाड्याचा कायदा आणि मालक

ज्या १८७१ साली ही मंडळी बेटावर उतरली, त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात गुरांच्या अतिक्रमणासंबंधीचा कायदा झाला. कोंडवाड्याची व्यवस्था त्यात आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व खावटी भरून ते सोडवून न्यावे, ठरावीक मुदतीत कोणी न आल्यास त्याचा लिलाव करावा, अशी त्याची सर्वसाधारण रीत. या रीतीमागे एक गृहीत गोष्ट आहे : जनावर मोलाचे असल्यामुळे त्याचा मालक ते सोडविण्यास धावत येईल.

आज अनेक ठिकाणी हे गृहीतच ढासळले आहे. ट्रॅक्टर आल्यापासून खोंडाला औत राहिले नाही. भाकड गाईची वैरण परवडत नाही. अशा जनावराला कोंडवाड्यात घातले तर मालक येत नाही. तो येऊ नये म्हणूनच जनावर सोडलेले असते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात ५० लाख २१ हजार मोकाट गुरे मोजली गेली.

गाव म्हणून एकत्र राहणाऱ्यांना ही गोष्ट पूर्वीही माहीत होती. देवाच्या नावाने पोळ सोडण्याची चाल होती. पण त्याच्या अंगावर खूण केली जाई, तो कोणी व कशासाठी सोडला हे गावाला ठाऊक असे आणि त्याचे चरणे गाव सोसत असे. पोळ दाव्यातून सुटत असे, गावाच्या नजरेतून नव्हे. रात्रीच्या अंधारात टेम्पोतून दुसऱ्या गावच्या शिवेत उतरवलेले जनावर आणि पोळ यांत हाच फरक आहे. त्या शिवेतील शेतकरी रात्रभर राखण करतो, रस्त्यावर अपघात होतो, जनावराच्या पोटात प्लास्टिक जाते. सोडणाऱ्याच्या वैरणीचा खर्च वाचत नाही. तो या तिघांत वाटला जातो.

गावपातळीवर लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असावा आणि विक्री झाल्यास नव्या मालकाची नोंद व्हावी. ओळख असलेले जनावर सहजासहजी बेवारस होत नाही.

२. पैदाशीसाठी नको असलेल्या खोंडांचे वेळीच खच्चीकरण करून घ्यावे. मोकाट कळपात एक वळू राहिला, तरी संख्या वाढतच जाते.

३. लाळ-खुरकत व ब्रुसेलोसिस यांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. मोकाट गुरे लसीवाचून राहिली तर गोठ्यातील गुरांनाही धोका राहतो, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून ध्यानी घ्यावे.

४. जनावर सांभाळणे अशक्य झाल्यास ते सोडण्यापूर्वी ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा जवळची गोशाळा यांच्याशी बोलावे. सोडण्यापूर्वी एका जनावराची व्यवस्था लावणे शक्य असते. सोडलेल्यांचा कळप झाल्यावर ते काम साऱ्या तालुक्याला जड जाते.

५. अभयारण्याच्या हद्दीत गुरे सोडणे विशेष घातक आहे. तेथील गवतावर गवा व सांबर जगतात, आणि गुरांचे रोग त्यांनाही होऊ शकतात.

शिक्षकांसाठी अभ्यास

(अ) नकाशात कन्याकुमारीचे रेखावृत्त शोधून त्यावरून ॲमस्टरडॅम बेटाचे स्थान विद्यार्थ्यांना दाखवावे.

(आ) पाचापासून आरंभ करून संख्या दुप्पट करीत नेण्याचा तक्ता फळ्यावर मांडावा. शंभर वर्षांत नऊ वेळा दुप्पट होण्यासाठी प्रत्येक वेळी सरासरी किती वर्षे मिळतात, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

(इ) गवा, मोकाट गाय व रानवट गाय यांतील भेद विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा.

(ई) आपल्या गावात मोकाट फिरणारी गुरे किती, त्यांपैकी कितींच्या कानात बिल्ला आहे आणि कितींचे मालक गावाला माहीत आहेत, याची पाहणी विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने करावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.